अमेरिकेहून येणारं जुनं ५१५० हेड घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं मॉडेलरवर (अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रावर) वाजवताय, कोथरूडला फ्लॅटमध्ये राहता, बँड मेटलचा आहे, आणि न्यू जर्सीचा मामेभाऊ डिसेंबरात येताना त्याचं १९९३ सालचं पीव्ही ५१५० हेड (स्पीकर नसलेला गिटार अँप) तुम्हाला द्यायला तयार आहे. तुमचे प्रश्न तीन. सगळे एकदम या जुन्या हाय-गेन ट्यूब अँपच्या (काचेच्या ट्यूबांवर चालणाऱ्या, खूप फाटलेला आवाज देणाऱ्या अँपच्या) मागे का लागलेत? तोच अँप मॉडेलरमध्ये असताना खऱ्यात वेगळं काय मिळणार? आणि अमेरिकेतलं हे धूड इथे चालेल का?

तिन्हींची उत्तरं देतो. पण मला यात एक चौथा प्रश्न दिसतो आणि निर्णय त्यावरच ठरेल: हे हेड तुम्ही वाजवणार कुठे? आठवड्यातून एकदा तरी जॅमरूममध्ये, ड्रमर शेजारी असताना, खऱ्या कॅबिनेटवर (स्पीकरच्या पेटीवर) वाजवणार असाल तर माझं उत्तर एक. घरी हेडफोनवर आणि रेकॉर्डिंगपुरतंच वापरणार असाल तर दुसरं. तुम्ही हे लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

मी अँप दुरुस्तीचं काम सत्तावीस वर्षं करतोय. वडिलांचं ठाण्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, त्यामुळे व्हॉल्व्हचे रेडिओ दुकानात ढिगाने यायचे. सोल्डरिंग मी तिथे शिकलो. पुढे व्हॉल्व्हचे रेडिओ संपले, पण मला गिटारचा नाद लागला होता, म्हणून तेच शिकलेलं अँपच्या कामी आलं. तुम्ही मंडळी ट्यूब म्हणता, माझ्या तोंडात अजून व्हॉल्व्ह येतो. वस्तू एकच.

आधी त्या 'एकदम' बद्दल. आज ज्यांना क्लासिक हाय-गेन म्हणतात ते बहुतेक अँप सतरा-अठरा वर्षांच्या काळात जन्मले. १९७५ मध्ये मार्शलने २२०३ हे मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचं वेगळं बटण) असलेलं १०० वॅटचं हेड काढलं, आणि १९८१ पासून तेच सर्किट जेसीएम८०० या नावाने विकलं गेलं. तिकडे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ फेंडरच्या छोट्या अँपमध्ये जादा ताकद भरत होते. त्यातून मेसा बूगी उभी राहिली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात मार्क टू सी प्लस आला, जो मेटालिकाने रेकॉर्डिंगला वापरला. १९८७ मध्ये माइक सोल्डानो यांचा एसएलओ-१०० आला. १९९२ मध्ये गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी बनवलेला पीव्ही ५१५० बाजारात आला, आणि त्याच सुमारास मेसाचा ड्युअल रेक्टिफायर. नंतरचे हाय-गेन अँप बहुतेक याच चार-पाच घराण्यांतले आहेत.

मग डिजिटलचा काळ आला. २००६ मध्ये ॲक्स-एफएक्स हा मॉडेलर आला, २०१० नंतर केम्पर आणि हेलिक्स. विमानाने कार्यक्रमाला जाणाऱ्या बँडनी वीस-पंचवीस किलोची हेडं घरी ठेवली, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आता वारं उलट फिरलंय हे कंपन्यांच्या वागण्यातही दिसतं. २०१९ मध्ये मार्शलने जेसीएम८०० ची २० वॅटची धाकटी आवृत्ती काढली, २०२१ मध्ये व्हॅन हेलन यांच्या ईव्हीएच ब्रँडने ५१५० आयकॉनिक आणला, आणि २०२४ मध्ये मेसाने मार्क टू सी प्लस पुन्हा बनवायला घेतला.

माझ्या टेबलावर येणाऱ्या लोकांशी बोलून मला याची कारणं अशी दिसतात. एक म्हणजे जे कॉलेजात असताना हे अँप फक्त मासिकात पाहायचे, त्यांच्या हातात आज पैसे आहेत. मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉकच्या गर्दीत उभे राहिलेले अनेकजण आज पन्नाशीला आलेत. भाड्याच्या मार्शलसमोर तेव्हा छातीत बसलेला तो दणका त्यांच्या अंगातून गेलेला नाही. दुसरं कारण तांत्रिक आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं: चांगले लोड बॉक्स (स्पीकरऐवजी जोडायचे, अँपची ताकद पचवणारे डबे) आले. त्यामुळे १०० वॅटचं हेड रात्री अकरा वाजता हेडफोनवर वाजवता येतं, जे मी शिकत होतो तेव्हा अशक्य होतं. तिसरं कारण तुमच्यासारख्या तरुणांचं. मॉडेलरमधल्या 'कॅप्चर'मुळे (खऱ्या अँपच्या आवाजाच्या डिजिटल प्रतीमुळे) तुम्हाला या अँपची नावं, चॅनल, बटणं पाठ झाली, आणि आता मूळ वस्तू पाहायची ओढ लागली. ज्या डिजिटलमुळे ट्यूब अँप मरणार असं म्हणायचे, त्याच डिजिटलने नवी गिऱ्हाइकं आणून दिली, हे मी डोळ्यांनी पाहतोय.

आणखी एक कारण आहे, ते ऐकायला साधं वाटेल. मॉडेलरमध्ये दोनशे अँप, शंभर कॅबिनेट, मायक्रोफोन हवा तिथे सरकवता येतो. संध्याकाळचा तास निवडण्यात जातो आणि गिटार मांडीवर तशीच राहते. ५१५० ला मोजून काही बटणं आहेत. पाच मिनिटांत आवाज लागतो किंवा लागत नाही, आणि माणूस वाजवायला लागतो. माझी बरीच गिऱ्हाइकं या एकाच सुखासाठी परत वळली आहेत.

आता खऱ्यात काय वेगळं मिळतं, त्यासाठी हा आवाज तयार कसा होतो ते थोडं समजून घ्या.

हाय-गेनचा जीव प्रीअँपच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) छोट्या ट्यूबांत असतो. १२एएक्स७, जिला युरोपात ईसीसी८३ म्हणतात, तिच्या एका अर्ध्या भागातून सिग्नल गेला की साधारण पन्नास-साठ पट मोठा होतो. जेसीएम८०० मध्ये अशा स्टेज एकामागे एक लावल्या आहेत, सोल्डानो आणि ५१५० मध्ये त्याहून जास्त. नुसतं वाढवत गेलं तर सगळा चिखल होईल. म्हणून दोन स्टेजमध्ये सिग्नल थोडा खाली आणतात, आणि मुख्य म्हणजे त्यातला खर्ज कापतात. हे कापणं फार महत्त्वाचं. डग्गा सैल लागला की नुसता घुमतो, बोल उमटत नाहीत, तसं खर्जासकट डिस्टॉर्शन केलं की प्रत्येक स्वर दुसऱ्याला चिकटतो. म्हणून आधी खर्ज कापायचा, मग फाडायचा, आणि शेवटी टोन कंट्रोल, पॉवर सेक्शन आणि चार स्पीकरच्या कॅबिनेटमधून खर्ज परत भरायचा. चांगल्या हाय-गेन अँपची सगळी कला या क्रमात आहे.

त्यात एक स्टेज मुद्दाम 'थंड' ठेवलेली असते. जेसीएम८०० मध्ये त्या स्टेजच्या कॅथोडला १० किलो-ओहमचा रेझिस्टर आहे, सोल्डानोमध्ये ३९ किलो-ओहमचा. ट्यूब इतकी थंड ठेवली की लाटेची एक बाजू लवकर कापली जाते, दुसरी मोकळी राहते. जेसीएम८०० चा खरखरीत, उघडा आवाज आणि सोल्डानोचा दाट, चिकट आवाज यांतल्या फरकात या जागेचा मोठा वाटा आहे. ५१५० चं लीड चॅनल उघडून पाहिलं की सोल्डानोच्या घराण्याची खूण लगेच पटते.

हे सगळं मॉडेलरमध्ये येतं का? येतं. नीट मायक्रोफोन लावून रेकॉर्ड केलेला ५१५० आणि त्याचं चांगलं कॅप्चर, गाण्याच्या मिक्समध्ये बसवल्यावर मला छातीठोकपणे वेगळं ओळखता येणार नाही. इतकी वर्षं या अँपच्या पोटात हात घालणारा मी, मलाच जमत नसेल तर रेकॉर्डिंगसाठी खरा अँप हवाच असं मी कोणालाही सांगणार नाही.

लोक म्हणतात मॉडेलरमध्ये विलंब असतो, म्हणून बोटांखाली वेगळं लागतं. हे मला पटत नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे खऱ्या अँपपासून तुम्ही तीन मीटरवर उभे असाल तर आवाज तुमच्यापर्यंत जवळपास नऊ मिलिसेकंदांनी पोचतो. चांगल्या मॉडेलरचा विलंब याहून कमी असतो. रंगमंचावर आपण सगळे आयुष्यभर याहून जास्त विलंबाने वाजवत आलो आहोत.

फरक आहे तो शेवटच्या टप्प्यात: पॉवर ट्यूबा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. स्पीकरवर १६ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळीकडे १६ ओहम नसतो. त्याच्या अनुनादाच्या जागी, साधारण ७५ ते ११० हर्ट्झच्या पट्ट्यात, तो कित्येक पट चढतो आणि वरच्या स्वरांतही चढत जातो. ट्यूब पॉवर अँप या चढ-उताराच्या मागे मागे जातो. जिथे ओहम जास्त तिथे आवाज जास्त. म्हणून पाम-म्यूट (तळहाताने तारा दाबून) मारल्यावर कॅबिनेट तो 'धप्प' परत फेकतं. ५१५० वरचं रेझोनन्सचं बटण याच जागेशी खेळतं. त्यात चार बारा-इंची स्पीकर हवा ढकलतात, गिटारची तार त्या हवेने पुन्हा थरथरते आणि फीडबॅक स्वरात धरता येतो. कानातल्या इअरफोनमध्ये हे होत नाही.

पण इथे एक मेख आहे, आणि ती दुकानदार सांगत नाहीत. या अनुभवाचा बराच वाटा कॅबिनेटचा आणि आवाजाच्या पातळीचा आहे, फक्त हेडचा नाही. म्हणून एक रुपयाही देण्याआधी हे करा. पुण्यात जिथे चार स्पीकरचं कॅबिनेट आणि पॉवर अँप असेल अशी जॅमरूम तासाभरासाठी घ्या. तुमच्या मॉडेलरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन बंद करा, सिग्नल त्या पॉवर अँपमधून कॅबिनेटला द्या आणि ड्रमरबरोबर वाजवा. तुमची भूक त्यानेच भागली तर तुम्हाला हेड नकोय, कॅबिनेट हवंय. माझ्याकडे विचारायला आलेल्या काही जणांचा प्रश्न याच एका तासात सुटला.

आता आवाजाची पातळी, कारण कोथरूडच्या फ्लॅटचा प्रश्न इथे येतो. सेलेस्चनच्या व्हिंटेज ३० सारख्या स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर साधारण १०० डेसिबल मिळतात. एक वॅट! आणि आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यामुळे '१०० ऐवजी ५० वॅट घेतो' या विचाराने काहीच साधत नाही. वॅट निम्मे केले की फक्त तीन डेसिबल कमी होतात. ५१५० च्या १२० वरून २० वॅटवर आलात तरी फरक आठ डेसिबलच्या आसपास. फ्लॅटमध्ये दोन्ही सारखेच अशक्य आहेत. वॅट कमी घेण्याचं खरं कारण वजन, ट्यूबांचा खर्च आणि लोड बॉक्सवरचा ताण हे आहे.

शिवाय १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं तसं, हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. घरी हळू आवाजात सजवलेला टोन जॅमरूममध्ये गढूळ का होतो, त्याचं कारण हेच. घरच्या सेटिंगवर हेडची परीक्षा करू नका.

'ट्यूब अँप पूर्ण उघडल्याशिवाय वाजत नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या जुन्या मार्शलबद्दल खरं आहे. ५१५० मध्ये फाटणं जवळजवळ सगळं प्रीअँपमध्ये होतं. पॉवर सेक्शन जागा होण्याइतका आवाज दिला की पुरे. जॅमरूममध्ये पोस्ट गेन (एकूण आवाजाचं बटण) दोन-तीनच्या वर फार क्वचित जातो. आणि प्री गेन (फाटण्याचं बटण) दहावर ठेवू नका. चार-पाचवर ठेवा, पुढे ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल लावा, त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. तो पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवतो, म्हणजे खर्ज आधीच कापायचं तेच काम अजून एकदा होतं. खाली उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये याने जो घट्टपणा येतो तो गेन वाढवून कधीच येणार नाही.

घरी वाजवायचं तर रिॲक्टिव्ह लोड बॉक्स घ्यावा लागेल, म्हणजे स्पीकरच्या त्या चढ-उतारांची नक्कल करणारा. नुसत्या रेझिस्टरचा स्वस्त लोड लावला तर आवाज निस्तेज होतो आणि लोक दोष हेडला देतात. लोडची क्षमता हेडच्या वॅटपेक्षा बरीच जास्त हवी, कारण १२० वॅटचं हेड पूर्ण फाडल्यावर त्याहून जास्त देतं. आणि स्पीकर किंवा लोड न जोडता हेड कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पाडतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळला तर तसा परत मिळवणं फार कठीण. आपल्याकडे मेन्सचा ट्रान्सफॉर्मर उत्तम गुंडाळून देणारे कारागीर आहेत, पण आउटपुटची वाइंडिंग थरांत एकमेकांत गुंफलेली असते, ती हुबेहूब जमवणारे मोजके.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: रेकॉर्डिंग आणि हेडफोन यासाठी तुमचा मॉडेलर पुरेसा आहे, खोलीत, कॅबिनेटसमोर, बँडबरोबर वाजवायचं असेल तर खऱ्या हेडला अर्थ आहे. तुम्ही बँडबरोबर जॅमरूममध्ये वाजवणार असं धरून पुढचं लिहितो, कारण खरा धोका पुढे आहे.

अमेरिकेतलं हेड १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ते थेट आपल्या सॉकेटमध्ये लावलं तर फ्यूज उडतो, आणि कोणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली तर मेन्स ट्रान्सफॉर्मर जातो. असं जळलेलं हेड माझ्याकडे आलंय. वास खोलीतून दोन दिवस गेला नाही.

म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार. यात लोक तीन चुका करतात.

पहिली, माप. मिक्सरसाठी मिळणारा छोटा कन्व्हर्टर चालणार नाही. चार ६एल६ पॉवर ट्यूबा असलेल्या हेडला मी ७५० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे क्षमतेचं माप) ट्रान्सफॉर्मर देतो. ५०० व्हीएपेक्षा कमी कधीच नाही.

दुसरी, व्होल्टेज. आपल्या घरात २३० म्हणतात पण रात्री उशिरा २४५ सुद्धा दिसतात. ज्याचं गुणोत्तर २३० ला १२० असं आहे, तो त्या वेळी जवळपास १२८ देतो. मग हीटर, प्लेट, सगळंच चढतं आणि ट्यूबांचं आयुष्य घटतं. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या लोखंडातून ५० हर्ट्झ गेलं की त्यातला चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो, ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. म्हणून मी २३० ला ११५ असा गुंडाळून घेतो. जोडल्यावर पॉवर ट्यूबच्या सॉकेटवर, २ आणि ७ नंबरच्या पिनांमध्ये, ६.३ व्होल्ट येतायत का ते मोजतो. थोडं कमी आलं तर चालतं, जास्त आलेलं मी चालू देत नाही. हे मोजणं तुम्ही स्वतः करू नका. शेजारच्याच पिनेवर जीव घेण्याइतका दाब असतो.

तिसरी चूक अर्थिंगची, आणि याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. बाजारातल्या कित्येक स्टेप-डाउनना बाहेरच्या बाजूला दोनच पिनांचं सॉकेट असतं. हेडची तिसरी पिन मोकळी राहते किंवा कोणीतरी कापून टाकतं. असाच ट्रान्सफॉर्मर लावलेल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात आमच्या गायक-गिटारवादकाचे ओठ माइकला लागले आणि तो मागे फेकला गेला. हात तारांवर, तोंड माइकवर, मधून करंट. तो वाचला. त्या दिवसापासून हेडच्या चॅसीपासून भिंतीतल्या अर्थपर्यंत तार सलग आहे हे मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय मी हेडला हात लावत नाही, आणि जॅमरूमच्या सॉकेटमध्ये अर्थ खरंच आहे का तेही तपासतो. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

आता हेडची तब्येत. १९९३ चं म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. मी तपासताना काय पाहतो ते सांगतो.

फिल्टर कपॅसिटर सगळ्यात आधी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरलं नाही तरी सुकतो. डोकं फुगलेलं, बुडाशी पाणी सुटलेलं, चालू केल्यावर जाडसर हमिंग, पाम-म्यूट मारताना आवाज दबून हळू वर येणं: ही त्याची लक्षणं. मूळचेच असतील तर मी तपासत बसत नाही, सगळे बदलतो.

मग पॉवर ट्यूबच्या सॉकेटभोवतीचा बोर्ड. तिथे तपकिरी-काळा डाग असेल तर कधीतरी ट्यूब शॉर्ट झालेली आहे. जळून कार्बन झालेला बोर्ड वीज वाहतो, तो भाग खरवडून काढावा लागतो. स्क्रीन रेझिस्टर मोजायचे, जड ट्रान्सफॉर्मरच्या जवळची सोल्डरिंग भिंगातून पाहायची. बहुतेक ड्राय सोल्डर तिथेच सापडतं.

बायसबद्दल (ट्यूबमधून शांत असतानाही किती करंट वाहायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगबद्दल) बरंच वाचाल. मूळ ५१५० मध्ये बायस ठरलेला आहे, फिरवायला बटण नाही, आणि तो बराच थंड ठेवलेला आहे. काही लोक याला दोष समजून लगेच बदलून घेतात. मी घाई करत नाही, कारण त्याचा तो कोरडा, घट्ट आवाज काही अंशी त्यातूनच येतो. ज्या हेडमध्ये बायस लावता येतो तिथे माझा हिशेब साधा असतो: ईएल३४ या पॉवर ट्यूबची मर्यादा २५ वॅट, तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५, प्लेटवर ४६० व्होल्ट असतील तर साधारण ३८ मिलिअँपिअर. त्याच्या वर जात नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात, आणि मुंबई-कोकण-गोव्यात तर त्याहून जास्त, एक तक्रार हमखास येते: आवाज मध्येच गायब होतो, थोड्या वेळाने परत येतो. लोक ट्यूबा बदलून मोकळे होतात. दर वेळी ट्यूबच दोषी नसते. इफेक्ट्स लूपच्या (पेडल जोडायच्या, सेंड आणि रिटर्न या जागांच्या) जॅकमधली पत्ती दमट हवेने काळवंडते. सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावून पाहा. आवाज टिकला तर दोष सापडला. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि दहा मिनिटं.

ट्यूबांचं सांगायचं तर आज त्या मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. एकेकाळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ईसीसी८३ बनवायची. वडिलांच्या डब्यातल्या त्यातल्या काही मी अजून जपून वापरतो आणि त्या सुंदर वाजतात. ५१५० ला पाच प्रीअँपच्या आणि चार जुळवलेल्या पॉवर ट्यूबा लागतात. प्रीअँपच्या कित्येक वर्षं जातात. पॉवर ट्यूबा नियमित वाजवल्या तर दीड-दोन वर्षांनी बदलाव्या लागतील असं धरा. हा खर्च हेडच्या किमतीत आधीच मिळवा. त्यात ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि चार स्पीकरचं कॅबिनेट मिळवा. स्वस्तात मिळालेलं हेड मग स्वस्त राहत नाही.

म्हणूनच कोणी नात्यातून नव्हे तर दुकानातून घ्यायचं म्हणून विचारलं तर मी आजच्या काळात २३० व्होल्टचं, २० वॅटचं, वॉरंटीतलं छोटं हेड घ्या असंच सांगतो. तुमच्या बाबतीत मात्र हेड घरातलं आहे, त्याचा इतिहास मामेभावाला विचारता येतो, आणि मूळ ५१५० चा तो घोगरा, आक्रमक मधला पट्टा छोट्या हेडमध्ये तितक्या जोराने मिळत नाही. जॅमरूमच्या त्या तासात तुमची खात्री पटली तर घ्या. मला ते आवडतं हे लपवत नाही.

आणायचं ठरलं तर मामेभावाला एवढं सांगा. निघण्याआधी हेड तिथे, त्याच्या स्वतःच्या १२० व्होल्टवर, कॅबिनेट लावून तासभर वाजवायचं आणि दोन्ही चॅनलचा, इफेक्ट्स लूपचा व्हिडिओ काढायचा. मग पूर्ण थंड झाल्यावर सगळ्या ट्यूबा काढायच्या, कोणती कुठल्या सॉकेटची ते लिहून एकेक गुंडाळायची आणि हातातल्या सामानात ठेवायची. हेडचं वजनच वीस किलोच्या पुढे आहे, त्यामुळे खोक्यासकट २३ किलोच्या मर्यादेत बसणं अवघड. विमान कंपनीला आणि कस्टमच्या नियमांबद्दल आधीच विचारून ठेवायचं. खोक्यात ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जाड फोम, कारण आपटलं की बोर्डला तडा त्याच वजनाने जातो.

इथे पोचल्यावर लगेच चालू करायचं नाही. दोन दिवस कोरड्या खोलीत राहू द्या, मग कोणाही जाणत्या माणसाकडे नेऊन आधी ट्यूबांशिवाय, सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून वीज द्यायला सांगा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर आणि पुढचा भाग ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं. तोवर मामेभावाकडून हेडच्या पाठीमागच्या पाटीचा स्पष्ट फोटो मागवा, व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅटचे आकडे दिसतील असा. तो इथे टाकलात की स्टेप-डाउन नेमक्या कोणत्या मापाचा गुंडाळून घ्यायचा ते सांगतो.